जानेवारीतली वीज

चेबो तेपास स्वतःची आरती स्वतःच ओवाळत असे. विचारलं तर म्हणे, दुसऱ्याच्या हातात दिली तर लोक ताट सांडतात. "त्रेचाळीस वर्षं झाडावर चढतोय. एकदाही पडलो नाही, आणि एकही झाड जाळलं नाही." कुइस्नाउआत गावाच्या वरच्या डोंगरात झाडांतून बाल्सम नावाचा सुगंधी चीक काढणारे वीस-पंचवीस जण होते, आणि हे वाक्य त्या सगळ्यांना प्रार्थनेसारखं पाठ झालं होतं. नवा कुणी दोर हातात घ्यायचा तेव्हा त्याला आधी हे वाक्य ऐकावं लागे आणि मग गाठ मारायला शिकवलं जाई. वाक्याचा पहिला अर्धा भाग अगदी खरा होता.

चढण्यात त्याला तोड नव्हती, हे मात्र मान्य करायला हवं. बासष्टाव्या वर्षीही तो एक दोर, हातभर लांबीची फळी आणि कमरेला टेंभ्याच्या काटक्या एवढ्या सामानावर सत्तर हात उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत जायचा. मग फळीवर बसून, झोपाळ्यावर बसल्यासारखे पाय हलवत कामाला लागायचा. बाल्समचं झाड भोसकून पाझरत नाही. साल थोडी खरवडायची, त्या जागेपाशी धुमसता टेंभा धरायचा आणि फुंकर घालत राहायचं. ऊब सालीच्या आत पोचली पाहिजे, पण आगीनं साल खाता कामा नये. मग त्या जागेवर जुन्या सुती कापडाचं फडकं ठोकून बसवायचं. पंधरा दिवसांत झाड आपणहून त्या फडक्यात पाझरतं. ऊब कमी पडली तर फडकं कोरडं राहतं आणि जास्त झाली तर ती बाजू कायमची मरते. किती वेळ फुंकायचं, यासाठी घड्याळ कुणी वापरत नसे. पातळ सालीला पाच वेळा 'आमच्या बापा', जाड सालीला सात आणि बुंध्याशी नऊ. फुंकर चालू असल्यामुळे प्रार्थना मनातल्या मनात म्हणायची. ज्याची प्रार्थना चुकली त्याचं झाड गेलं.

खाली चेबोची बायको तोन्या होती. फडकी आली की ती मोठ्या हंड्यात उकळायची, जाड दोरांच्या जाळीत घालून दोन दांडक्यांनी पिळायची, आणि पाण्याच्या तळाला काळंभोर, दालचिनी आणि जुन्या पेटीसारखा वास येणारं बाल्सम साठत जायचं. तोन्याच्या हातांना तो वास एवढा मुरला होता की ती कणीस सोलायला बसली तरी शेजारणी म्हणत, "आज चर्चमध्ये सण आहे का गं?" तिची जीभ मात्र मुळीच सुगंधी नव्हती.

"शाळेतली बाई सांगत होती," ती एकदा चेबोला म्हणाली, "हे तुझं झाड आपल्या लाल घेवड्याच्याच कुळातलं आहे. शेंगेला पंख आणि दाणा एकच, पण जात तीच."

"मग?"

"मग काही नाही. घेवडा चुलीवर ठेवून गप्पा मारायला गेलं की बुडाला लागतो, एवढंच मला माहीत."

चेबो त्या दिवशी जेवणावरून लवकर उठला.

चेबोचा एकच जिवलग होता, नाचो शूल. चेबोच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला नाचो धर्मपिता उभा राहिला होता, तेव्हापासून दोघं एकमेकांना 'कोंपादरे' म्हणत. पण नाचो चेबोच्या घरात कधी बसला नाही. यायचा रोज, उंबऱ्यापाशी उभा राहून कॉफी प्यायचा, कप चौकटीवर ठेवायचा आणि जायचा. याचं मूळ एका सदऱ्यात होतं. फार वर्षांपूर्वी चेबोचा बाप कातारिनो याचा रविवारचा निळ्या पट्ट्यांचा सदरा कपडे वाळत घालायच्या दोरीवरून नाहीसा झाला. त्या दिवशी कुंपणाजवळून फक्त शेजारचा दामियान, म्हणजे नाचोचा बाप, गेला होता. झालं. चेबोची आई उर्सुला मरेपर्यंत त्याला चोर म्हणत राहिली, तोंडावर आणि पाठीमागे. दामियाननं पुन्हा त्या अंगणात पाय ठेवला नाही. मरताना मुलाला सांगून गेला की ज्या घरानं मला चोर म्हटलं त्या घरात टेकायचं नाही. उर्सुलाला जाऊनही वीस वर्षं झाली होती. तरी नाचो उंबऱ्यावरच.

"आत ये की, कोंपादरे. म्हातारी गेली, आता कोण बघतंय?"

"बाप बघतोय," नाचो म्हणायचा. "आणि तुझ्याकडे सदरे टांगलेले असतील. एखादा कमी भरला तर?"

दोघं हसायचे. पण नाचोचा पाय आत येत नसे, आणि चेबोला त्याचं मनापासून वाईट वाटे.

बाल्समची ही झाडं ज्या कॉफीच्या मळ्यात होती, तिथं त्या वर्षी नवा व्यवस्थापक आला. ओसवाल्दो त्याचं नाव, शिक्षणानं इंजिनिअर. माणूस वाईट नव्हता. कॉफीला ऊन कमी पडतंय म्हणून कुठली झाडं तोडायची हे ठरवायला तो लाल रंगाचा डबा घेऊन हिंडत होता, आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यानं 'वीजवाली'वर फुली मारली.

वीजवाली हे झाडाचंच नाव. चढणारे लोक आपल्या झाडांना नावं देतात. ओढ्याच्या वरच्या अंगाला ते एकटं उभं होतं, मळ्यातलं सगळ्यात जाड. पश्चिमेच्या बाजूला तीस हातांवर त्याला एक लांबलचक काळा व्रण होता. वीज पडलेल्या झाडाला हात लावायचा नाही, हा इथल्या लोकांचा पणजोबांपासूनचा नियम. ते आतून कोरडं होतं, आणि त्याच्यावर चढणाऱ्याला दुसरी वीज शोधत येते. त्यामुळे त्रेचाळीस वर्षांत वीजवालीला कुणाचा दोर लागला नव्हता.

चेबोला बातमी कळली तेव्हा तो हातातलं काम टाकून ओसवाल्दोकडे गेला.

"इंजिनिअर, ते झाड तोडू नका. कोरडं नाही ते."

"उस्ताद," ओसवाल्दो म्हणाला. चेबोला सगळे उस्तादच म्हणत. "त्यावर वीज पडली, असं मला दहा जणांनी सांगितलं. दहाही जण म्हणाले, तुम्ही स्वतः पाहिलीत."

चेबोनं टोपी काढून हातात घेतली.

"आता मला सांगा. वीज पडलेलं झाड पाझरत असेल, तर तुमचा नियम खोटा. नियम खरा असेल, तर झाड कोरडं. दोन्हीतलं एक निवडा. करवतवाले गुरुवारी येताहेत."

चेबो टोपी घालून घरी आला.

खरं काय घडलं होतं, ते फक्त त्यालाच ठाऊक होतं. निदान त्याची तशी समजूत होती.

तो तेव्हा एकोणीस वर्षांचा. बाप कातारिनो म्हणजे त्या काळातला सगळ्यात मोठा चढणारा, बोलायला मात्र कंजूष. जानेवारीतल्या एका दुपारी त्यानं पोराला पहिल्यांदा एकट्यानं झाड दिलं. जाड साल, सात वेळा 'आमच्या बापा'. चेबो वर गेला, फळीवर बसला, टेंभा धरला, फुंकायला लागला. तिसऱ्या प्रार्थनेला खालून तोन्या आली. अठरा वर्षांची, डोक्यावर टोपली. भावांसाठी जाडजूड मक्याच्या भाकऱ्या आणि घेवडा घेऊन चालली होती. तिनं वर बघितलं.

"काय रे, घरटं बांधतोयस का?"

चेबोची प्रार्थना गळाली. त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. चौथ्या वेळेला तोन्या सावलीत बसली आणि पायातला काटा काढायला लागली. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. काटा खोल होता. तो निघाला तेव्हा वर करपलेला वास सुटला होता आणि चेबोच्या हाताएवढी लांब साल लाकडापर्यंत फुटून काळी पडली होती.

पहिलंच झाड जाळलं म्हणजे दोर जन्माचा काढून घेतात. चेबो खाली उतरला आणि धावत जाऊन लोकांना सांगितलं की झाडावर वीज पडली, माझ्या डोळ्यांसमोर पडली. लोकांनी वर बघितलं. जानेवारीचं आभाळ, धुतलेल्या ताटासारखं स्वच्छ. या मुलखात नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत थेंब पडत नाही. सगळे कातारिनोकडे बघायला लागले. कातारिनोनं आभाळाकडे पाहिलं, मग पोराकडे पाहिलं, आणि म्हणाला, "हो. गडगडाट मीही ऐकला."

कातारिनोनं ऐकला म्हटल्यावर प्रश्न मिटला. चेबोला त्या वयात वाटलं, बापाला काय मस्त फसवलं.

पुढे तो इतका चांगला चढणारा झाला की ती थाप त्याची त्यालाच खरी वाटू लागली. पण ओढ्याच्या वरच्या अंगाला जायची वेळ आली की तो लांबचा रस्ता धरायचा. बाकी सगळ्या झाडांशी तो बोलायचा, शिव्या द्यायचा, पाठ थोपटायचा. वीजवालीसमोर त्याची मान वर होत नसे. आता झाकली मूठ झाकलेलीच ठेवली तर गुरुवारी करवत चालणार होती. उघडली तर ते वाक्य संपलं, आणि त्या वाक्याशिवाय चेबो तेपास म्हणजे दोर असलेला एक म्हातारा. बुधवारी रात्री तोन्यानं वाढलेल्या तीन भाकऱ्यांतली त्यानं एकच खाल्ली.

"झाडासाठी एवढं?" ती म्हणाली.

"त्या झाडाचं मी देणं लागतो."

"मग दे की. तुझ्याकडे तोंडाशिवाय आहे काय देण्यासारखं?"

ती हे नेहमीसारखंच टोचून बोलली होती. पण चेबोला तेच उत्तर वाटलं, आणि तो घोरायला लागला.

गुरुवारी सकाळी वीजवालीखाली बरीच गर्दी होती. दोघे करवतवाले, ओसवाल्दो, दोर खांद्यावर टाकलेले चढणारे, नाचो, आणि फडक्यांची पाटी घेऊन तोन्या. चेबो नवी धुतलेली विजार घालून आला. बुंध्याला पाठ लावून उभा राहिला आणि गावच्या सभेत बोलावं तशा आवाजात म्हणाला, "या झाडावर वीज पडलेली नाही. जाळलंय, आणि मी जाळलंय. एकोणीस वर्षांचा होतो, प्रार्थना मोजायला चुकलो. पश्चिमेची बाजू मेली. बाकीच्या तीन बाजूंना त्रेचाळीस वर्षं कुणी हात लावलेला नाही. या डोंगरात एवढी विश्रांती दुसऱ्या झाडाला मिळालेली नाही. हे कोरडं असेल तर माझा दोर घ्या आणि शेळी बांधा."

 चढणाऱ्यांतला एक म्हणाला, "उस्ताद, म्हणजे ते एकही झाड..."

"एक," चेबो म्हणाला. "एकदाही पडलो नाही आणि एकच झाड जाळलं. आता असं पाठ करा."

"चुकलास कसा पण?" नाचोनं विचारलं. "तू तर झोपेतही मोजतोस."

चेबोनं तोन्याकडे बघितलं. "खाली एक मुलगी पायातला काटा काढत बसली होती."

तोन्यानं पाटी खाली ठेवली. तिला हिशेब लागायला दोन क्षण लागले.

"म्हणजे त्रेचाळीस वर्षं ती वीज मीच होते?"

"तूच."

"आणि मी मेली येताजाता या झाडाखाली छातीवर क्रूस काढत होते, देवा वाचव म्हणून!"

मग जे हसू फुटलं ते करवतवाल्यांनाही आवरेना. ओसवाल्दो हसला नाही, पण त्यानं फुलीकडे पाहिलं आणि म्हणाला, "पंधरा दिवस. फडकी ओली निघाली तर झाड तुमचं. कोरडी निघाली तर मी ऐकणार नाही."

"पंधरा कशाला? चौदा पुरतील," चेबो म्हणाला, आणि दोर फेकला.

त्यानं पूर्वेची बाजू निवडली, चाळीस हातांवर. वर टेंभा धुमसायला लागला तसा नाचोनं सगळ्यांचा ताबा घेतला. "उस्तादाला फुंकायचंय, मोजायचं काम आपलं. सगळ्यांनी एका सुरात. आणि वहिनी, तुम्ही त्या दगडामागे जा. तो वर आहे तोवर समोर दिसायचं नाही."

"आता या वयात कोण बघतंय मला?"

"तो बघतोय. जा तुम्ही."

तोन्या खरोखरच दगडामागे गेली. तिकडून तिचाही आवाज प्रार्थनेत मिसळला. सात वेळा 'आमच्या बापा', टोप्या काढून, करवतवाल्यांसकट. सातव्याच्या शेवटी सगळे एकदम "आमेन" म्हणाले आणि चेबोनं टेंभा मागे घेतला. असं त्यानं तीन ठिकाणी केलं, तिन्ही जागी फडकी ठोकली आणि उतरला. पश्चिमेच्या बाजूला त्यानं मान वळवली नाही.

पुढचे पंधरा दिवस त्यानं गावात छाती काढून काढले. भेटेल त्याला म्हणायचा, मोठी भांडी घासून ठेवा. तोन्यालाही त्यानं जास्तीचा हंडा मागून आणायला लावला.

"आणि कोरडी निघाली तर हंडा परत करायला तू जाशील," ती म्हणाली.

"मी कशाला? तो भरलेला हंडा न्यायला दोन माणसं लागतील."

पंधराव्या दिवशी तो चढला तेव्हा खाली पुन्हा तीच माणसं होती. पहिल्या फडक्यापाशी पोचायच्या आधीच त्याला वास आला. फडकं ठोकलं तेव्हा पांढरं होतं, आता काळपट तांबडं आणि चकाकत होतं. खालची कड फुगून थेंब धरत होती. दुसरंही तसंच, तिसरं तर हाताला जड लागलं.  चेबोनं तिसरं फडकं सोडवलं आणि खाली टाकलं. ते ओसवाल्दोच्या बुटांपाशी चिखलाच्या गोळ्यासारखं थपकन पडलं. ओसवाल्दोनं ते उचललं, नाकाशी नेलं, आणि चिकट झालेले हात तसेच ठेवून करवतवाल्यांना म्हणाला, "या फुलीवर चुना फासा."

खाली आरडाओरडा सुरू झाला. वर चेबो फळीवर बसून होता. काम झालं होतं, उतरायला हरकत नव्हती. पण आता झाड त्याच्यावर रागावलेलं नाही, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. त्यानं दोराची गाठ सरकवली, थोडा खाली आला आणि बुंध्याला वळसा घालून पश्चिमेच्या बाजूला गेला.

व्रण त्याच्या आठवणीपेक्षा लहान होता. दोन्ही बाजूंनी साल जाड ओठांसारखी आत वळली होती आणि मध्ये बोटभर फट उरली होती. फटीत वाळलेली माती दिसली. चेबोला नवल वाटलं, कारण तीस हातांवर माती आपणहून चढत नाही. त्यानं नखानं ती उकरली. आत कापड होतं. बाल्सममध्ये भिजून भिजून ते लाकडाच्या रंगाचं झालं होतं, पण कुजलं नव्हतं. बाल्सममध्ये काही कुजत नाही. त्यानं अंगठ्यानं पुसलं तसे निळे पट्टे दिसायला लागले. मग एक शिंपल्याची गुंडी. मग कॉलरची कड, आणि कॉलरवर आईच्या हातची बारीक रफू.

चेबोनं फळी घट्ट धरली.

म्हणजे बाप वर चढला होता. पोरानं थाप मारल्यावर, कुणी बघत नसताना, ओली माती घेऊन. फडकी त्या वेळी मळ्याची मोजलेली असायची, एक जरी कमी भरलं तरी चौकशी व्हायची. म्हणून त्यानं दोरीवरचा आपला रविवारचा सदरा ओढला आणि पोराच्या चुकीवर मलमपट्टी बांधली. मग बायको शेजाऱ्याला चोर म्हणत असताना दर वेळी उठून अंगणाबाहेर गेला. तोंड उघडलं असतं तर दामियान सुटला असता आणि चेबोचा दोर गेला असता. त्यानं दोर ठेवला, आणि त्याची किंमत दामियानला भरू दिली. चेबोला आयुष्यभर वाटत आलं की आपण बापाला फसवलं. सत्तर हातांच्या झाडावर तीस हातांवर बसून बासष्ट वर्षांच्या चेबो तेपासला रडू फुटलं, आणि त्यानं ते आवरलं नाही.

खालून तोन्याची हाक आली. "काय रे, घरटं बांधतोयस का?"

चेबोनं नाक पुसलं. सदरा त्यानं काढला नाही, फटीत माती परत दाबून बसवली. मग फळीवरून वाकून तो ओरडला.

"कोंपादरे, सदरा सापडला."

"कुठला सदरा?" नाचो म्हणाला.

"निळ्या पट्ट्यांचा. ताताचा, माझ्या बापाचा. इथं झाडात आहे, तातानंच बांधलाय. तुझ्या बापानं नव्हता नेला."

 नाचोनं टोपी काढली. बराच वेळ तो झाडाच्या पश्चिमेच्या बाजूकडे मान वर करून बघत राहिला. नंतर टोपी डोक्यावर ठेवली, ती दोन्ही हातांनी नीट केली आणि तोन्याकडे वळला.

"वहिनी," तो म्हणाला, "आज कॉफी जरा जास्त ठेवा. आत बसून पिईन म्हणतो."